सासूबाईंचे चार सरकारी कागद

आमच्या साडूंना लंडन आणि न्यूयॉर्कचा बाजार कळत असे. मला ती दोन्ही गावं नकाशावर दाखवता येत असत, त्यापलीकडे काही नाही. माझ्या त्या काळातल्या बहुतेक पोटदुखीचं मूळ एवढ्यातच आहे.

मी सोलापुरात शाळामास्तर. भूगोल शिकवायचो. हातात लांब काठी घेऊन, "हे न्यूयॉर्क, हे मोठे बंदर आहे," असं दरवर्षी नव्या मुलांना सांगायचो आणि मुलं ते दरवर्षी विसरायची. साडू म्हणजे मोठ्या मेहुणीचे यजमान. ते एका गिरणीच्या कचेरीत कापूसखात्यात हेडक्लार्क होते. मुंबईचा कोणी शेअरदलाल त्या कचेरीला दर महिन्याला एक इंग्रजी पत्रक पाठवी. गेल्या महिन्यात जगातल्या शेअरांचं आणि सरकारी कर्जांचं काय झालं आणि येत्या महिन्यात काय होईल, हे त्यात छापलेलं असे. गिरणीच्या साहेबाचं वाचून झालं की ते साडूंकडे येई, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी साडू ते घेऊन भवानी पेठेत आमच्या सासुरवाडीला येत.

मग काय, दरबारच भरायचा. साडू लोडाला टेकून बसत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत, पुन्हा घालत. एक इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचत आणि मग मराठीत सांगत, "म्हणजे असं की, अमेरिकेत मंदी आहे, पण ती थकत आलेली आहे." सासूबाई आतल्या दाराशी तांदूळ निवडत ऐकायच्या. सासरे जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. शेजारचे अडते, शेंगेचा व्यापार करणारे लिंगायत गृहस्थ, ते तर साडू आले की गादीवरून अर्धे उठायचे. मी आलो की मान हलवायचे. हा अर्ध्या उठण्याचा फरक मला वर्षानुवर्षं डाचत राहिला.

"आमच्या शेंगेचा भाव हितं मार्केटात ठरतो, तरी आमाला कळत न्हाय," अडते म्हणायचे, "आन् हे बघा, घरात बसून न्यूयॉर्कचं सांगत्यात! लई डोकं लागतंय की याला."

"मीही न्यूयॉर्कचंच शिकवतो," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"व्हय की," अडते म्हणाले, "पन तुमचं न्यूयॉर्क हलत न्हाय, गुरुजी."

साडूंच्या पत्रकात शेवटी पुढच्या महिन्याचा अंदाज असायचा. तो ऐकताना माझं डोकं फिरायचं. "बाजाराचा कल सुधारण्याकडे आहे, परंतु प्रतिकूल बातमी आल्यास घसरणही संभवते." आता हे काय झालं? माझ्या वर्गातल्या पोरानं 'पाऊस पडेल, नाहीतर पडणार नाही' असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे साडू हेच वाचत आणि सगळं घर "अस्सं!" म्हणे. आमची ही सुद्धा म्हणे. घरी येताना वाटेत मी तिला विचारलं, "तुला त्यातलं काय कळलं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण सांगतात किती छान!"

पण हे सारं कौतुक ऐकण्यापुरतं होतं तोवर ठीक. सासऱ्यांनी मागे चार सरकारी कागद ठेवले होते. म्हणजे सरकारनं घेतलेल्या कर्जाचे रोखे, साडेतीन टक्क्यांचे. वर्षातून दोनदा त्यांचं व्याज येई. मुद्दलाला हात लावायचा नाही, ते धाकटीच्या लग्नासाठी, असं सासरे स्वतः सांगून गेले होते. धाकटी म्हणजे माझी धाकटी मेहुणी. तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, बोलायला फटकळ आणि हसायला तयार. तिचं लग्न त्या चार कागदांत गुंडाळून सासूबाईंच्या लाकडी पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवलेलं होतं. दुसरी पुंजी घरात नव्हती.

आणि कागदांचा भाव तर उतरत चालला होता. साडू म्हणू लागले, कागद विकावेत आणि गिरणीचे शेअर घ्यावेत. शेअर इतके पडलेत की आता वरच जातील. खरं सांगायचं तर मलाही मनातून तसंच वाटत होतं. वाचनालयात बसून मी मुंबईची शिळी वर्तमानपत्रं चाळायला लागलो होतो. चोरूनच, कारण भूगोलाचा मास्तर बाजारभावाचं पान वाचताना दिसला तर गावात काय बोलतील! त्या वाचनात मला चार गोष्टी कळल्या आणि त्या चारही साडूंनी आधीच सांगून टाकलेल्या होत्या. एखाद्याचं नुसतं बरोबर असणं किती असह्य होऊ शकतं, ते मला त्या दिवसांत समजलं.

त्या वर्षी आषाढ अधिक आला. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आमच्या सासुरवाडीला त्याच्याही पुढची एक रीत होती: अधिकातल्या जेवणाला जावई जो शब्द टाकील तो खाली पडू द्यायचा नाही. सासऱ्यांच्या वडिलांपासूनची रीत. एका जावयानं म्हणे या रीतीवर दुभती गाय नेली होती. तेव्हापासून जावई अदबीनं मागत आणि सासरचे धास्तीनं वाढत.

आम्ही दोघे पाटावर बसलो. मोठे जावई उजवीकडे, धाकटे जावई डावीकडे. औक्षण धाकटीनं केलं. सासूबाईंनी तेहतीस-तेहतीस अनारशांचं वाण दिलं. साडूंच्या अनारशांना जाळी जास्त सुंदर पडली होती. हे मी उगाच म्हणत नाही, मी दोन्ही ताटं नीट न्याहाळली होती. हिनं मला डोळ्यांनी दटावलं.

वरण-भात संपला, आणि साडूंनी शब्द टाकला. स्वतःसाठी नव्हे, हे कबूल करायला हवं. "आई, माझं एकच मागणं. ते चार कागद विकून गिरणीचे शेअर घ्या. धाकटीचं भलं होईल."

सासूबाईंनी पदर सावरला. त्या आता 'बरं' म्हणणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "माझंही एक मागणं आहे. कागद विकू नका."

का म्हणालो? पटलं होतं म्हणून नव्हे. पानात पुरणपोळी होती, त्यावर तूप होतं, माझ्या पोटात मात्र निखारा होता. साडूंचा शब्द राहणार, माझ्या वाट्याला नुसते अनारसे येणार, हे मला सोसवेना.

"मास्तर, कारण काय?" साडूंनी शांतपणे विचारलं.

"कारण," मी म्हणालो, "सरकारचा कागद आहे. सरकार बुडत नाही."

"एवढंच?"

"एवढं पुरे आहे."

धाकटी दाराला टेकून उभी होती. "म्हणजे माझं लग्न आता न्यूयॉर्क ठरवणार की सरकार?" ती म्हणाली. "त्यांच्यापैकी कोणी मुलगा बघून ठेवलाय का?"

"तू आत जा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. दोन विष्णू, दोन उलटे शब्द, आणि रीत तर मोडायची नाही. त्यांनी समईची वात सारली आणि म्हणाल्या, "दोन विकू. दोन ठेवू. मोठ्यांचाही शब्द राहिला, धाकट्यांचाही राहिला."

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की थोडे शेअर आणि थोडे सरकारी कागद ठेवावेत, असं मोठमोठे दलाल पैसे घेऊन सांगतात. आमच्या घरी ते अधिक महिन्यानं फुकटात सांगितलं. पण तेव्हा हे शहाणपण आहे असं कोणालाच वाटलं नाही. वाटलं की दोन जावयांनी मिळून एका म्हातारीची पेटी मधोमध चिरली.

आणि आमची स्पर्धा सुरू झाली. दोन कागद माझे, दोन कागदांचे आलेले शेअर साडूंचे. दोन्ही धाकटीचे, हे आम्ही दोघे विसरलो.

गणपती बसले होते, तेव्हा बातमी आली की विलायतेनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. मुंबईचा बाजार काही दिवस बंदच ठेवला. म्हणजे काय झालं ते आम्हांला कोणालाच कळलं नाही. पण काहीतरी भयंकर झालं आहे, एवढं साडूंच्या चेहऱ्यावरून दिसलं. पुढच्या वाचनाला अडते नेहमीपेक्षा लवकर आले. शेअर पडलेले होते. माझे कागदही पडलेले होते. वर गेलं होतं फक्त सोनं. सराफकट्ट्यावर दागिने विकायला रांगा लागत होत्या. आमच्या हिनं त्या दिवसांत पाटल्या हातात मागेपुढे सरकवायची सवय लावून घेतली.

"गुरुजी," अडते मला म्हणाले, "सरकार बुडत न्हाय म्हनला व्हता की!"

"नाहीच बुडालं."

"सरकार न्हाय बुडालं. भाव बुडला!" आणि ते असे हसले की लोड हलला.

साडूंना मात्र कोणी हसलं नाही. त्यांच्याकडे पत्रक होतं. त्यांनी चष्मा पुसून, शेअर का पडले याची पाच कारणं वाचून दाखवली. बर्लिन, लंडन, चांदी, कापूस आणि आणखी काहीतरी. ऐकणाऱ्याला वाटावं, शेअर पडले ते अगदी शिस्तीत पडले. माझे कागद मात्र कसलंही कारण न देता, अनाथासारखे पडले होते. हे पाहून मला जे झालं ते सांगतो: मला साडूंच्या नफ्याचा हेवा कधीच वाटला नाही, कारण तो कधी झालाच नाही. मला त्यांच्या तोट्याचा हेवा वाटला. इतका व्यवस्थित तोटा मला कधी करता आला नसता.

त्याच हिवाळ्यात बार्शीचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण त्यांना माघातच लग्न हवं होतं. सासूबाईंनी आम्हां दोघांना बोलावलं. कागद विकले तर निम्म्यानं येत होते, आणि शेअर विकले तर विचारूच नका. साडू म्हणाले, "आई, या भावात विकणं म्हणजे धाकटीचं नुकसान." मीही तेच म्हणालो. आमचं दोघांचं इतकं एकमत पहिल्यांदाच झालं, आणि त्या एकमतानं बार्शीचं स्थळ गेलं.

धाकटीनं आम्हांला चहा आणून दिला. माझा पेला खाली ठेवताना एवढंच म्हणाली, "भाऊजी, यात साखर आहे. भाव वाढलाय तरी घातलीय." त्यानंतर बरेच दिवस मला त्या घरचा चहा गोड लागला नाही.

तरी माझी खोड काही गेली नाही. रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी कान देऊन ऐकायचो, आज किती गिरण्यांचे भोंगे झाले. कुठे पाळी बंद झाल्याचं कानावर आलं की आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या: साडूंचे शेअर आणखी उतरणार! आणि मग मी शाळेत जायचो आणि हजेरी घ्यायचो. गिरणीत काम करणाऱ्यांची पोरं, विणकरांची तेलुगू बोलणारी पोरं, एकेक करून हजेरीत गप्प होऊ लागली. फी द्यायला घरी काही नव्हतं. मी नाव पुकारायचो, उत्तर यायचं नाही, आणि काठी हातात धरून मी न्यूयॉर्कसमोर उभा राहायचो. त्या गुदगुल्या तेव्हा थांबल्या. हेवा थांबला नाही, तो थोडा लाजला एवढंच.

मग एका उन्हाळ्यात कागद चढू लागले. का चढले ते मला माहीत नव्हतं. मी रोज वाचनालयात जाऊन भाव पाहायचो आणि खिशात काही सापडल्यासारखा घरी यायचो. महिन्यामागून महिने ते वरच जात राहिले. शेअर तिथेच, कुथत. मी पहिल्या रविवारची वाट पाहू लागलो. आता साडू काय वाचतात ते पाहू!

रविवार आला. साडूंनी चष्मा पुसला. "सरकारी कागद वधारले," ते म्हणाले, "कारण व्याजाचे दर सगळीकडे उतरलेत. नव्या कर्जाला सरकार कमी व्याज देतं, म्हणून जुन्या, जास्त व्याजाच्या कागदाला मागणी आली. आमच्या दलालाचा अंदाज आहे, हे आणखी चालेल." इतकं सोपं करून सांगितलं की मलाही कळलं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मोठ्यांना बाई सगळं कळतं!"

मी आ वासून पाहत राहिलो. कागद ठेवा म्हणालो मी. आषाढात विष्णू होऊन शब्द टाकला मी. अडत्यांचं हसू झेललं मी. आणि कागद चढल्याचं श्रेय कोणाला? तर ते का चढले हे ज्याला सांगता आलं त्याला.

"आई," मी म्हणालो, "कागद ठेवा असं कोण म्हणालं होतं, आठवतं का?"

"तुम्हीच की," त्या मायेनं म्हणाल्या. "पण तुम्हांला तरी कुठं माहीत होतं, असं होईल म्हणून!"

म्हातारीनं बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी धाकटीचं जमलं. मुलगा मुंबईला विमा कंपनीत होता, मूळचा इकडचाच. धाकटीनं त्याला पाहिलं आणि आम्हां दोघांकडे वळून म्हणाली, "या वेळी बाजाराकडं बघायचं नाही. माझ्याकडं बघायचं." कागद विकायचे ठरले. शेअरांना कोणी विचारत नव्हतं. माझ्या दोन कागदांचा भाव मात्र मूळ किमतीच्या जवळ आला होता. विकायचं काम अर्थातच साडूंनी केलं, त्यांच्याच दलालाकडून. पैसे आले आणि लग्न थाटात झालं. बाजा आला, मांडव पडला, वऱ्हाड तीन पंगतींना जेवलं.

मी वाढपावर देखरेख करत फिरत होतो. जिकडे पाहावं तिकडे माझा कागद. तो साखरेच्या पाकात होता, केळीच्या पानांत होता, बँडवाल्याच्या फुगलेल्या गालांत होता. बार्शीच्या स्थळापासून मनात रुतलेला काटा निघाला म्हणून मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू? पण दिवस मावळेपर्यंत माझा जिंकलेला डाव लोकांनी खाऊन टाकला, वर ताक प्यायले आणि पान जमवत निघून गेले. साडूंचे हरलेले शेअर मात्र पेटीत शाबूत होते. पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला त्यांची विचारपूस होणार होती, त्यांच्याबद्दल वाचलं जाणार होतं, आशा धरली जाणार होती. जिंकणारा संपला आणि हरणारा घरचा झाला!

दुसऱ्या दिवशी घरच्या माणसांची पंगत बसली. पहिल्या पाटावर नवा नवरदेव, मग साडू, मग मी. सासूबाईंनी आतून वाढायला सांगितलं, "मोठ्यांना भात द्या, मधल्यांना विचारा." मधले कोण, ते कळायला मला जरा वेळ लागला. तो मी होतो. धाकटे जावईपण गेलं, त्याबरोबर लाडही गेले.

बोलता बोलता शेअरांचा विषय निघाला. नवरदेवानं पोळी मोडत विचारलं, "गिरणीचे शेअर? ते कशाला ठेवलेत? मिळेल त्या भावात विकून टाका आणि आईंच्या नावानं काहीतरी बिनधोक करून ठेवू. मुंबईत आता सगळे तेच करतात."

दारामागं वाजायला बांगड्या नव्हत्या, पण सासूबाईंचं पुढं सरकणं मला ऐकू आलं. "धाकटे जावई म्हणतात ते बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

साडूंचा घास हातात राहिला. त्यांचा चष्मा कढीच्या वाफेनं धुकटला होता, पण तो पुसायला त्यांचा हात काही वर गेला नाही. त्या माणसाकडे या वेळी सांगायला काहीच नव्हतं. पत्रक खिशात नव्हतं आणि कारणं सुचत नव्हती. त्या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती!

आणि मीच म्हणालो, "छे, छे! शेअर विकायचे नाहीत."

"कारण?" नवरदेवानं विचारलं.

"कारण माणसं कपडे घालायची थांबत नाहीत," मी म्हणालो. "गिरण्यांना दिवस येतील. आणि हे बघा, मोठ्या जावयांनी विचार करून घेतलेत ते. कालच्या माणसानं येऊन त्यांना हात लावायचा नाही."

हे 'कालच्या माणसानं' माझ्या तोंडून जरा जोरातच गेलं. धाकटी आतून खुदकन हसल्याचं ऐकू आलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, दोघंही म्हणताहेत तर राहू देत."

साडूंनी चष्मा काढला, सोग्याला पुसला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वाढप्याला हाक मारली, "अरे, इकडे ये. मास्तरांना जिलबी वाढ."

जिलबी आली. मी ती खाल्ली, आणखी एक मागून घेतली. पंगत उठल्यावर हात धुताना ही माझ्या हातावर पाणी घालत होती. हळूच म्हणाली, "आता नव्यावर जळायला सुरुवात झाली वाटतं?"

"छे," मी म्हणालो. "आम्ही दोघं मिळून विचार करतोय."